बाबांसाठी आलेल्या गोळ्या

दादा,

तुझं पार्सल पोचलं. तुझ्या जिममधली पोरं दंड फुगवायला घेतात, त्याच गोळ्या तू म्हाताऱ्या बापाला पाठवतोस? डॉक्टरीणबाईंनी डबी पाहताच कपाळाला हात लावला. म्हणाल्या, हे तर घोड्यांच्या दम्याचं औषध!

"पण मांड्या भरतील ना त्यांच्या?" मूर्खासारखी मी तुझीच बाजू घेतली.

"भरतीलही. स्नायूवर जणू एक बेल असते. अंगात ॲड्रेनलिन उसळलं की ती वाजते आणि स्नायू कामाला लागतो. ही गोळी ती बेल दाबूनच धरते, म्हणून झिजणारा स्नायूही वाढू शकतो. पण तसलीच बेल हृदयावरही असते. यांचं हृदय सोसेल ते?"

पडल्यापासून बाबा खुर्चीत आहेत. पायांच्या काड्या झाल्यात. त्यांना रोज धरून उभं करायला माणूस लागतं, दादा, आणि इथे मी एकटी आहे. तू मात्र फोनवरून प्रोटीन शिकवतोस!

पार्सल आलं तेव्हाचं सांगते. दाराची बेल वाजली तेव्हा मी मोरीत होते. हात पुसत बाहेर येते, तर बाबा आपले आपण उठून, भिंत धरत धरत दारापाशी पोचलेले! "थोरला आला, थोरला आला," म्हणत कडी काढत होते.

दारात कुरियरवाला होता.

हे पत्र मी टाकणार नाही. तू त्यातलं 'बाबा उठले' एवढंच वाचशील, आणि आणखी एक डबी पाठवशील.

घरी असलेली,
धाकटी