मिरकाबची बस

रवि., १२ जाने.
मागच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये माझ्या नावावर खोटी संमती घातली आहे. म्हणून आजपासून सगळे स्वतः लिहून ठेवणार.

मुलगी ईशा इथे परदेशातल्या भारतीय शाळेत बारावीत, मी शाळेच्या कमिटीत पालकांतर्फे. ठराव असा: मिरकाब भागातली शाळेची बस एप्रिलपासून बंद, मुले फक्त चार, उपस्थित सर्वांची संमती. विषय निघालाच नव्हता. सही मात्र माझीच. चहाबरोबर हजेरीचा कागद फिरतो, त्यावर केलेली. तोच कागद मागाहून ठरावाला जोडतात. वर्षभर न विचारता सह्या केल्या. चूक माझीही.

सोम., १३
सेक्रेटरी जॉर्जना फोन. म्हणाले, हमेशा ऐसे ही होता है मॅडम. म्हटले, अब नहीं होगा. गुरुवार २३ला विषय पुन्हा घेतील. आक्षेप त्याआधी, लेखी.

बुध., १५
सकाळी सव्वासहाला मिरकाब. थांब्यावर मुले मोजली. अकरा. मग चार कुठून आली?

थांब्यावरच्या एका आईने, सलमाने, उलगडले. रत्नागिरीकडची, मिरकाबच्याच एका नर्सरीत आया. शाळा यादी करते ती बताक्यावरच्या, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्रावरच्या पत्त्यावरून. ही माणसे दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये, परवानगी नसताना, एकेक खोली घेऊन राहतात. बताक्यावर पत्ता जुनाच, दुसऱ्या भागातला, कुणाचा सलवा, कुणाचा रुमैथिया.

बस गेली तर तिची नौशीन (नववी) गावी आजीकडे. नवरा पहाटे साइटवर, हिला साडेसहाला हजर व्हायचे. पोचवणार कोण?

सह्या घ्यायच्या म्हटले. म्हणाली, "सही करीन, बाई. पण खरा पत्ता नको. कुणाच्या हाती पडला तर आमची खोली जाईल."

शनि., १८
यादी आखली. नाव, इयत्ता, थांबा, पालकाची सही. पत्त्याचा रकाना ठेवलाच नाही. ईशाच्या बाबांचे म्हणणे, पत्त्याशिवाय जॉर्ज घेणार नाही. घेईल. न घेऊन करतो काय.
ईशा: "आई, यू साउंड लाइक द प्रिन्सिपल." म्हटले, प्रिन्सिपल गप्प आहेत म्हणून.

रवि., १९
आठवड्याचा पहिला शाळेचा दिवस (इथे सुट्टी शुक्र-शनि). थांब्यावर दहा सह्या झाल्या. सलमा शेवटी. तिने सही केली आणि खाली इमारत, मजला, खोली, सगळे लिहायला लागली. मी तिचे पेन धरून थांबवले.
"नीट विचार केलास?"
"केला. बाकीच्यांचं नका लिहू. पण एक तरी खरा पत्ता नको का कागदात?"
कोरा कागद पुढे केला, हवे तर नव्याने लिही म्हटले. नको म्हणाली. पूर्ण लिहिला. नौशीन बसमध्ये चढली तरी ही कागदाकडेच बघत होती.

दुपारी आक्षेप लिहिला. एका पानात बसवला.

सोम., २०
जॉर्जच्या हाती दिले: आक्षेपाचे पत्र, पान एक. मुलांची यादी, नावे अकरा, सह्या अकरा, पत्ता एक.
त्यांनी विचारले, बाकी के ॲड्रेस? म्हटले, बस जहाँ रुकती है, वहीं. यादी वाचत गेले. सलमाच्या ओळीवर थांबले, पुन्हा वाचली.
माझ्या प्रतीवर शिक्का, त्यांची सही, वेळ १०.२०. मूळ कागद त्यांच्या खणात. कुलूप माझ्यादेखत लावले.