शेंदूर लागलेला अर्धा दगड

३ नोव्हें.
सुनंदाचा फोन. मनाली भेटून गेली म्हणे. माझ्याकडे अंधेरीला नाही, तिच्याकडे मुलुंडला! कॉलेजात या मुलीला खडक ओळखायला शिकवलं मी, सुनंदा शेजारच्या टेबलावर चकल्या खात बसायची. आता मनाली मोठी संशोधक, आणि "सुनंदा मॅममुळेच मी या विषयात आले." छान.

५ नोव्हें.
विषय कळला. जुन्या लाव्हातलं व्हॅनेडियम आणि स्कँडियम मोजायचं. ऑक्सिजन कमी-जास्त झाला की व्हॅनेडियम रूप बदलतं, स्कँडियम ढिम्म. दोघांच्या प्रमाणावरून खाली प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात, ऑक्सिजन कितपत होता ते काढायचं.
सुनंदा म्हणजे व्हॅनेडियम. समोर जो असेल तशी होते. मी दुसरं.
त्यासाठी हवाय आमचा घाटकोपरच्या खाणीतला दगड, ऑलिविनचे हिरवे स्फटिक असलेला. खाण बुजली, वर टॉवर उभा. सापडला तेव्हाच फोडून अर्धा सु.ने नेला, अर्धा मी. शोधला मी. मनालीच्या शोधनिबंधाच्या मसुद्यात मात्र "सुनंदा यांना सापडलेला". वाचवत नाही.

९ नोव्हें.
हसून हसून पोट दुखलं. सु.ने तिचा तुकडा सोसायटीच्या बागेत ठेवला होता. कोणीतरी शेंदूर फासला, आता रोज हार आणि मंगळवारी नारळ. मनाली न्यायला गेली तर सेक्रेटरी अंगावर आले, "देव फोडायला निघालात? डोकं ठिकाणावर आहे ना?"
देव आहे. मुलुंडला आहे.

१० नोव्हें.
आली शेवटी मनाली. पेढे घेऊन.
"मॅम, तुमचा तुकडा मिळाला तर..."
"दळणार कशात?"
"अगेट दगडाची मिल बिघडलीय. स्टीलची आहे."
"स्टीलमध्ये व्हॅनेडियम असतं, बाई. प्रावरणाचं मोजणार की मिलचं?"
चेहरा पडला. एवढंही सुचलं नाही तिच्या सुनंदा मॅमना! म्हटलं, शोधला कोणी ते नीट लिही, मग ने.
"पण त्या म्हणतात, त्यांनीच..."
"मग जा त्यांच्या देवाकडे."
पेढे बरे होते.

१४ नोव्हें.
दुपारी सु.चा फोन.
"शाले, दे ना गं तो दगड. पोरीचं काम अडलंय."
"आधी सांग, शोधला कोणी?"
भांडायच्या पूर्ण तयारीत होते. इतक्या वर्षांचं सगळं ओठांवर.
"तूच असशील गं. मला नाही आता आठवत. त्या दिवशी कोण कोण होतं आपल्याबरोबर?"
कोणी नव्हतं. आम्ही दोघीच होतो.
नाटक असेल. नाटकं तिला आधीपासून जमतात. पण "कोण कोण" असं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना, पहिल्यांदाच विचारते आहे असा आवाज.
चहा केला, तसाच राहिला.
संध्याकाळी मनालीचा मेसेज : सुनंदा मॅम म्हणाल्या, तुमचं एकटीचं नाव घालायचं. घालू ना?
"हो" टाइप केलं. पुसलं. परत केलं. अजून पाठवलेलं नाही.