आस, पुल्लिंगी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०

खडाड्-धप्. खडाड्-धप्. आज जाग आली ती या आवाजाने. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा आवाज. सर्व्हे ऑफिसची जीप पठाराचा खडकाळ चढ चढायची तेव्हा पुढचं एक चाक दगडावर जाई, खडाड्, आणि दुसरं खड्ड्यात दाबून बसे, धप्. त्या जीपला पुढे सॉलिड ॲक्सल होता. दोन्ही चाकं एकाच जाड दांड्यावर. एकाचं जे होईल ते दुसऱ्याला कळणारच. जुन्या जोडप्यासारखं. आपल्या गाडीची पुढची चाकं सुटी सुटी. ज्याची त्याला मर्जी. आजकालच्या कुटुंबासारखी.

निश्चय: आपल्या चोवीस वर्षांच्या गाडीला पुढे सॉलिड ॲक्सल बसवून घ्यायचा. १ मार्चला हिला घेऊन पठारावर जायचं.

कारण असं. लग्नाआधी मी हिला पठारावरून पत्रं लिहीत असे. इथून नदीची सात वळणं एका नजरेत दिसतात, तुला दाखवीन, असा शब्द दिला होता. मग नोकरी, मुलगी, बदल्या. आता हिचे दोन्ही गुडघे बदललेले. डॉक्टरांचं म्हणणं, चालायचं ते सपाटीवर. काल चहा गाळता गाळता ही सहज म्हणाली, ती सात वळणं राहिलीच हो. हिचं सहज म्हटलेलं काहीही सहज नसतं.

त्या काळी मी आणि उस्ताद जीप वर न्यायचो. उस्ताद म्हणजे ऑफिसचे ड्रायव्हर. चढावर मी मोठ्याने यमाताराजभानसलगं म्हणत असे, शाळेत गण पाठ करायचं सूत्र. गाडीला ताल मिळतो.

नाडी ७८. उत्तम.

४ फेब्रुवारी

कोशात पाहिलं. ॲक्सलला आपला शब्द आहे, आस. पुल्लिंगी असेल तर चाकाचा दांडा. स्त्रीलिंगी असेल तर मनाची ओढ. केवढी ही भाषा! दुपारपर्यंत त्याच तंद्रीत होतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. पण भुजंगप्रयात वृत्तात दोन ओळी झाल्या.

चढावा कडा हा, न थांबावि गाडी
भिडावे शिळांना, पुसावी न नाडी

हिला म्हणून दाखवल्या. हिने विचारलं, नाडी पायजम्याची का?

कवीने घरात काही वाचू नये.

६ फेब्रुवारी. दुपार

फॅब्रिकेटरकडे गेलो. त्याला सगळे मिलिमीटर म्हणतात. कानाला पेन्सिल, खिशात स्टीलची पट्टी. शेडमध्ये तीन गाड्यांची हाडं पसरलेली. म्हणाला, काका, त्या चढाला सॉलिड ॲक्सल लागत नाही. लो गिअर टाका, सावकाश न्या, तुमची गाडी आहे तशी उद्यासुद्धा जाईल.

'उद्या' हा शब्द काही लोक फार बेजबाबदारपणे वापरतात.

मी सांगितलं, सॉलिडच हवा. त्याने मग विचारलं, गाडी शेवटची कधी चालवलीत? मी म्हटलं, अधूनमधून. वस्तुतः आठ महिने झाले. दवाखान्याच्या रॅम्पवर गाडी मागे घरंगळली होती, दुधाच्या व्हॅनपर्यंत, आठ-दहा फूट. काही झालं नाही. क्लचचा दोष. मी उतरून चालत घरी आलो, गाडी व्हॅनवाल्याने वर नेली. ही गाडीतच होती. त्या विषयावर ही कधी बोललेली नाही.

ॲक्सल भंगारातून मी आणायचा. डिफरन्शियलचा गोळा डाव्या बाजूला हवा, कारण इंजिनकडून येणारा फिरता दांडा तिथेच जोडतात. वहीत लिहून घेतलं. डावी.

९ फेब्रुवारी, रविवार

मिळाला. जुन्या ट्रकचा आस. गंजलेला पण बाणेदार. चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, कागदावर त्याचं चित्र काढून पडताळलं आणि मगच टेम्पोत चढवला. गोळा डावीकडे. भंगारवाला म्हणाला, बघून घ्या, परत घेत नाही. मी हसलो.

१२ फेब्रुवारी

गाडी खोलली. पुढची चाकं, त्यांना धरणारे लोखंडी हात, स्प्रिंगा, सगळं बाहेर. गाडी चार स्टँडवर. पुढून अगदी बोळकी दिसते.

हा आठवडा झोप फार छान लागते आहे. हवामान असेल.

नाडी ७०.

१३ फेब्रुवारी. सकाळी १०

सर्व्हे ऑफिसच्या निवृत्तांच्या ग्रुपवर बातमी टाकली. साधी कशाला टाकायची? श्लेष साधला. 'जुनी आस सोडली आहे. पुढचं सगळं काढून टाकलं. तूर्त अधांतरी आहे. महिना संपला की पठारावर जाणार. तुमचा कविराज.' व्याकरणाने पाहता जुना आस, पुल्लिंगी. पण श्लेषासाठी लिंग बदललं. तेवढी मुभा असते.

त्याच दिवशी. दुपारी ४

हेडक्लार्क: हात जोडलेले. ट्रेसर: धीर धरा, दिवस जातील. कोणीतरी 'भावपूर्ण' एवढंच लिहून पुसून टाकलं. अकाउंटंटने थेट आमच्या मुलीला फोन केला. मुलीने आईला केला, बाबा जेवतात ना, गच्चीचं दार बंद असतं ना. हिने सांगितलं, दोन पोळ्या जास्त जेवतात आणि गच्चीच्या पायऱ्या यांच्याने चढवत नाहीत.

मग मी तिला फोनवर श्लेष समजावून सांगितला. बावीस मिनिटं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, यापुढे साधं लिहा."

उस्तादही ग्रुपवर आहेत. ते कधी काही लिहीत नाहीत. संदेश पाहिल्याची खूण आली, बाकी काही नाही. त्यांना तरी कळलं असणार. ऐकून ऐकून कविता कळणारा माणूस.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अनर्थ. गोळा उजवीकडे निघाला.

चूक कोणाचीच नाही. ड्रॉइंगमध्ये दर्शनी चित्र समोरून काढतात. समोर उभं राहून जी डावी, ती मी धरली. गॅरेजवाले डावी मोजतात ती सीटवर बसून.  मिलिमीटरने पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली आणि म्हणाला, "काका, तुम्ही गाडीला समोरून भेटता. आम्ही आत बसून भेटतो."

मी खेद व्यक्त केला. १ तारीख आता जमत नाही, असंही सांगून टाकलं. दुसरा आस मिळायला दोन-तीन महिने तर सहज. घरी येताना शीळ घालत आलो. दुःख दाखवू नये.

ही अंगणात होती. सांगितलं. हिने नुसतं बरं म्हटलं. आत गेलो तर दाराशी नवे कॅनव्हासचे बूट, पेटीतून काढलेले. हिचे. माप एकने मोठं, सुजलेल्या पावलांसाठी. तिने ते उचलून परत पेटीत ठेवले.

ते पाहायला नको होतं.

१९ फेब्रुवारी

मिलिमीटर स्वतः जाऊन योग्य बाजूचा आस घेऊन आला. भंगारवाल्याने जुना परतही घेतला. असा उत्साह बरा नव्हे.

बूट परत दाराशी.

नाडी ९२. कॉफी घेतली होती.

२२ फेब्रुवारी

वेल्डिंग चालू. निळा उजेड. बघायचं नसतं, पण आवाज ऐकू येतो, चर्रर्र. मी काही हरकती काढल्या. एक, चॅसीला रंग दोनदा द्यावा. नाही, रोज एकदा असा आठवडाभर. दोन, ब्रेकचे पाइप लांब घ्यावेत, चाक खाली लोंबलं तर ताणून तुटतील. मिलिमीटर म्हणाला, पाइप कधीच बदलले, रंग उद्या वाळेल.

रात्री... नाही, रात्रीचं काय लिहायचं. झोपलो नाही इतकंच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गाडी स्वतःच्या चाकांवर उभी आहे. आधीपेक्षा वीतभर उंच. माझ्याकडे खाली बघते असं वाटतं.

मिलिमीटरने फिरवून आणली, मी बाजूला. चाळीसपर्यंत ठीक. पन्नासला स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी बारीक, मग पुढचं सगळं धड, मग माझे दात. गाडी रस्त्यावर नागमोडी. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल, हे शाळेत शिकलो होतो, आज अनुभवलं. डोळे उघडले तेव्हा शेडमध्ये होतो. त्याने आसाखाली लोखंडी पाचर बसवली, कोन तीन अंशांनी बदलला, पुन्हा नेली. थरथर गेली. साठ, सत्तर, सरळ.

"सॉलिड," तो म्हणाला.

मी विचारलं, तीन अंशांच्या जागी अडीच असतील तर? म्हणाला, मोजलेत. मी विचारलं, चढावर इंजिन बंद पडलं तर? म्हणाला, ब्रेक दाबायचा, आधी मागे बघायचं नाही. मी विचारलं, बघितलं तर? त्याने पट्टी खिशात घातली. शनिवारी तू येशील का चालवायला, असं मी अगदी दुसऱ्या कोणासाठी विचारावं तसं विचारलं. त्याच्या साडूकडे लग्न आहे.

नाडी १०४. गॅरेजला पायऱ्या नाहीत, तरी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी

योजना: पाठ. उद्या पहाटे उठताना पाठीत चमक भरेल. एक 'आई गं' पुरेल.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५

योजना रद्द. सगळं लिहून टाकतो, ही वही कोण वाचणार आहे.

दुपारी पाठीची थोडी पूर्वतयारी म्हणून कमरेवर हात ठेवून फिरत होतो. ही पलंगावर पत्रांचा गठ्ठा घेऊन बसली होती, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाली, बसा, तुमचंच वाङ्मय वाचते. आणि वाचलं, 'आज मी स्वतः जीप चढवली. इतका उभा चढ की दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरून बसलो होतो.'

चष्मा वर सरकवला. मी कमरेवरचा हात काढला.

"दोन्ही हातांनी दांडी धरली होती," ही म्हणाली, "मग स्टिअरिंग काय पायाने धरलं होतंत?"

मी विचारलं, हे कधी लक्षात आलं. म्हणाली, पत्र आलं त्याच दिवशी. बहिणीला वाचून दाखवलं, दोघी हसून लोळलो. मग पंचेचाळीस वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणे, तुम्ही कुठे विचारलंत.

तर खरं असं. जीप उस्ताद चालवीत. दर वेळी. मी बाजूला. डोळे मिटलेले. यमाताराजभानसलगं मी गाडीला ताल मिळावा म्हणून म्हणत नव्हतो. दरीकडचे दगड खाली जाताना आवाज येतो, तो ऐकू येऊ नये म्हणून म्हणत होतो. सात वळणं वर पोचल्यावर पाहिली तेवढी खरी. आणि रॅम्पवर क्लचचा दोष नव्हता. माझा पाय उचलला गेला. ही मागे बसली होती आणि माझा पाय उचलला गेला.

हिला हे सगळं सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हटलं, की टॅक्सी बघू. हिने आधीच बघितली होती. पठार म्हटल्यावर टॅक्सीवाल्याने फोन ठेवला.

मग ही म्हणाली, कोण चालवतं याच्याशी मला कर्तव्य नाही. मला ती वळणं बघायची आहेत. जमत नसेल तर तसं सांगा, पाठीला मध्ये आणू नका.

नाडी पाहिली नाही.

१ मार्च, शनिवार. सकाळी ६.४०

घाईत लिहितो. टोपी शोधायला आत जातो असं सांगून आलो आहे. टोपी डोक्यावरच आहे.

साडेपाचला उठलो. ही तयार. बूट, पाण्याची बाटली, पत्रांचा गठ्ठा. मी चावी खिशात घालून, खिशातून काढून, पुन्हा घालून पाहत होतो. नाही म्हणायचं वाक्य पाठ केलं होतं. चार शब्दांचं. तोंड उघडलं तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात उस्ताद. सोळा वर्षांनी. वाळलेले, पण ताठ. हातात पिशवी, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. पहाटेच्या गाडीने आलेले. मला खालीवर न्याहाळलं. हातपाय जागेवर आहेत अशी खात्री झाल्यावर पिशवी खाली ठेवली.

म्हणाले, महिनाभर फोन नुसता उघडत होतो, मोतीबिंदूने अक्षर लागत नव्हतं, परवा डोळ्याचं ऑपरेशन झालं. जुने संदेश सूनबाईने काल सगळे वाचून दाखवले. तिने वाचलं, आस सोडली, महिना संपला की पठारावर जाणार. म्हटलं, पठारावर? एकटे? ज्या माणसाने तिथे कधी डोळे उघडले नाहीत तो?

"सोडला," मी म्हटलं. "पुल्लिंगी. गाडीचा."

उस्तादांनी शांतपणे मला बाजूला सारलं, अंगणात जाऊन गाडीपुढे उकिडवे बसले आणि नव्या आसावर बोटाच्या पेराने टकटक केलं. कान लावून ऐकलं. हसले. तीच आपली जीप, म्हणाले.

मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. दोन्ही हातांनी चावी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी पट्टीकडे बोट दाखवलं. "दहा दिवस स्टिअरिंग बंद आहे, कविराज. आज मी तुमच्या जागी बसतो."

मी म्हटलं, उस्ताद, मला... पुढे आणखी तीन शब्द होते, एकही आठवेना.

"तुमचं ते यमाता मी म्हणतो," ते म्हणाले. "चौदा वर्षं कानात ओतलंय तुम्ही. तुम्ही फक्त डोळे उघडे ठेवा. माझा एकच आहे."

ही मागे जाऊन बसलीसुद्धा. तिथेच, त्या दिवशी बसली होती त्या जागी. पट्टा लावला. पत्रं मांडीवर.

हॉर्न वाजला. उस्तादच. बाजूने हात घालून वाजवतात, तशी सवय.

निघताना नाडी पाहिली. दोन्ही. पायजम्याची घट्ट आहे.