ब्ल्यूबेरीले आंबट माती लागते

१२ ऑगस्ट २०१७
रोप आलं. राळेगावहून सायकलवर आणलं, एका हातात धरून. वीतभर. बाबा म्हणे, "हे काय, बोराटी?"
प्रणालीला यवतमाळला फोटो पाठवला. मी कॉलेज सोडलं तेव्हा तीच म्हणाली होती, "तुह्यानं काहीच तडीस जात नाही. केकवर राह्यते ते ब्ल्यूबेरी एक तरी पिकवून दाखव, मग घरी लग्नासाठी तुह्यं नाव काढतो." हसत म्हणाली होती. मी नव्हतो हसलो.

२० ऑगस्ट
कुंडीत वावरातली निवडक काळी माती, शेणखत. जिच्यात कपाशीची पऱ्हाटी छातीला लागते, तिच्यात हे टिचभर रोप नाही येणार?

१४ सप्टेंबर
पानं पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या. बोअरचं पाणी दोनदा देतो, तरी.
कृषी सहायक बोंडअळी पाहायला आले, त्यांना दाखवलं. "काळ्या मातीत चुना, तुमच्या बोअरात चुना. याले आंबट माती लागते राजा."
बाबा : "अन् पऱ्हाटीकडे कोण पाहीन?" मी नको ते बोललो. बाबा बोंडं फोडून दाखवत होते. सगळ्यात अळी.

१७ सप्टें.
आरा मशीनवरून लाकडाचा कुजका भुसा, गोणीभर. चिमूटभर गंधक. टिनाखाली ड्रम लावला, आता फक्त पावसाचं पाणी.

१८ नोव्हें.
नवी पानं! प्र.ला फोटो. तिनं अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

११ जानेवारी
फुलं. सात. पांढरी, उलट्या घंटीसारखी. प्र.नं स्वतःहून फोन केला. "खरंच?" एवढंच. दिवसभर कापूस वेचला, पाठ दुखली नाही.

२४ जाने.
मुंग्या दिसल्या म्हणून आईनं कुंडीत चुलीची राख टाकली. वांग्याला टाकते, मिरचीला टाकते, तशी. राखेनं आंबटपणा मरतो. मी ओरडलो, "तुले कोनं सांगतलं होतं?"
"झाडच होय ना रे बाप्पा ते."
चमच्यानं खरवडून काढली. ती जेवली नाही. मी पण

३ फेब्रु.
पाच फुलं गळली. राखेनं की कशानं, कोण सांगणार. दोन फळं धरली, ज्वारीच्या दाण्याएवढी. आईशी बोलायचं आहे. जमत नाही.

८ फेब्रु.
प्र.चा फोन. रविवारी पाहुणे येतात तिला पाहायला. म्हटलं, दोन महिने थांब, फळ पिकते.
"काय सांगू मी माह्या बाबाले? पोरगा काय करते, तं कुंडीत दोन फळं हायेत? राह्यलेल्या परीक्षेचा फॉर्म भरला असता तं तोंड तरी उघडता आलं असतं मले."
"मग पह्यलेच काहून नाही सांगतलं?"
"दर वेळी सांगतलं. तू फोटो पाठवून राह्यला होता."
मी फोन कापला. मीच. गाढव.

११ फेब्रु., रविवार
सकाळपासून तीनदा लावला. उचलत नाही. बाबा पऱ्हाटी उपटायला बोलावून थकले, एकटेच गेले. यवतमाळची आठची यस्टी गेली. दहाची आहे.
आईनं काही न विचारता पांढरा शर्ट धुऊन, घडी करून खाटेवर ठेवला. तिला कोणी सांगितलं?
जाऊन काय बोलू? फॉर्म भरतो म्हणू? पाहुण्यांसमोर डोकं फिरलं तर माझं? आणि न गेलो तर
दहाला वीस मिनिटं कमी. शर्ट घातला. अजून खाटेवरच बसलो आहे.