पेरूच्या झाडाचं घर

९ नोव्हेंबर १९७३
हिंगण्याला कारखान्यात सकाळपाळी केली. दुपारी घरं पाहिली. एकही मिळालं नाही.

क्वार्टर देवकीच्या नावावर आहे. नर्स ती होती. रविवारी ती गेली आणि आज मेट्रनबाईंचा निरोप — महिनाअखेर खाली करा.

नकाराचं काही नाही. पण प्रत्येक दारात तेच विचारतात — बायको? वारली म्हणावं लागतं. मग अरेरे, आणि लगेच, ‘एकट्या माणसाले आमी देत नाही.’ एक बाई शेंगा सोलत होती. अरेरे म्हणतानाही हात थांबले नाहीत तिचे. किळस आली. तिची, आणि माझीही. देवकीचं मरण मी दारोदार दाखवत फिरतो आहे.

१० नोव्हेंबर
खामल्याला गेलो. उन्हाळ्यात देवकी एका घराबद्दल बोलली होती. अंगणात पेरूचं झाड, स्वतःचा नळ. आठवडाभर तेच चाललं होतं तिचं. मग एक दिवस म्हणाली, ‘नको ते घर. ड्यूटीले लांब पडते.’ पुन्हा नाव काढलं नाही.

झाड सापडलं. खोल्या अजून रिकाम्याच. घरमालकीण सिंधूताई. नाव विचारलं. आनंदराव वानखेडे म्हटलं.

‘वानखेडे? म्हंजे आपल्यातलेच.’

वानखेडे त्यांच्यातही असतात, आमच्यातही. मी गप्प राहिलो.

बायको रविवारी वारली म्हटल्यावर त्या दोन पावलं मागे सरल्या. ‘मंग सुतकात कसे फिरून राहिले तुमी? दहावं होऊ द्या. डोकं काढलं की या अन् किल्ली घेऊन जा. तुमच्यासाठी ठेवतो खोल्या.’

मी पाणी मागितलं. त्यांनी तांब्या उंच धरून ओंजळीत ओतलं. सुतक आहे ना, म्हणाल्या. माझ्या वडिलांना असंच पाणी मिळायचं. तेव्हा कारण दुसरं होतं.

प्यायलो. तहान लागली होती.

११ नोव्हेंबर
आमच्यात सुतक नाही. डोकं काढत नाहीत, मुंडण नाही, पिंड नाही. देवकीचं जलदान गुरुवारीच झालं, भन्तेजी येऊन गेले. छप्पन साली दीक्षाभूमीवर ती वडिलांचं बोट धरून उभी होती. आमच्या लग्नात माझ्या काकांनी गुपचूप आणलेला नारळ तिनं परत पाठवला होता. अशी बाई.

आणि तिलाच ते घर हवं होतं.

१२ नोव्हेंबर
स्टोअरमधल्या मधुकररावांना सांगितलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, ‘केसच तर आहेत गा. महिन्यात येतात परत. घर काय महिन्यात येते?’ आणि हसले. डबा खाताना कोशिंबिरीचं दही मिशीला लागलं होतं. मला पाहवेना.

१३ नोव्हेंबर
डोकं काढलं.

न्हाव्यानं विचारलं, ‘कोण गेलं?’ बायको म्हटलं. त्यानं पैसे घेतले नाहीत. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तसाच खामल्याला गेलो. आज ओसरीवर खुर्ची मिळाली. कपबशीत चहा. सिंधूताई समोर बसून बोलत होत्या. ‘माणूस पाहूनच देतो आमी. कोणी बी येते आजकाल. आडनाव आपल्यासारखं सांगतात अन् मंग आत फोटो लावतात.’ मी मान हलवली. मान हलवली मी! चहात वेलदोडा होता. अजून तोंडात त्याची चव आहे, चूळ भरूनही जात नाही.

किल्ली खिशात आहे.

१४ नोव्हेंबर
सासूबाई इंदोऱ्याहून आल्या, देवकीचे कपडे न्यायला. मला दारात पाहून तिथंच बसल्या.

‘हे काय केलं, जावई? कोनासाठी काढलं डोकं?’

घरासाठी म्हटलं. देवकीला हवं होतं म्हटलं. खामला, पेरूचं झाड, सगळं सांगितलं.

त्यांनी दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. मग म्हणाल्या, ‘मी होतो ना तिच्यासंगं त्या दिवशी. बाईनं आडनाव विचारलं, खूश झाली. खोल्या दाखवल्या. पोरीनं नळ उघडून पाह्यला. अन् मंग स्वतःहून सांगतलं, आमी बौद्ध आहो, मागून बोल नको. बाईनं आमच्यासमोर तो नळ राखेनं घासला.’

‘मले का नाही सांगितलं तिनं?’

‘तुमाले वाईट वाटन म्हणे.’

कपडे न घेताच गेल्या. जाताना माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि मागे घेतला.

१५ नोव्हेंबर
सकाळीच खामल्याला गेलो. ओसरीवर चढलो नाही. किल्ली पायरीवर ठेवली आणि आम्ही बौद्ध आहोत म्हणून सांगितलं. सिंधूताई किल्लीकडे पाहत राहिल्या, उचलली नाही. मी निघालो.

घरी येऊन आंघोळ केली. कोनाड्यातून देवकीची फणी घेतली, सवयीनं, आणि डोक्यावरून फिरवली.