शेवटची जुनी पेटी

देवगड, ३ ऑक्टोबर
आले एकदाची! खालिदभाईंच्या माडीवर खोली मिळाली, खिडकीतून बंदर दिसतं. शाझियाभाभींनी पहिल्याच दिवशी तिसऱ्यांचं कालवण वाढून मला जिंकलं. काम मच्छीमार संस्थेत आहे: होड्यांना हवामान कळवणारी यंत्रणा नव्याने बांधायची. होडीवरची पेटी दर दहा मिनिटांनी आपली जागा कळवून हवा विचारते, आपला सर्व्हर एक आकडा पाठवतो आणि पेटीवर तसा दिवा लागतो. पुण्यातल्या कटकटींपुढे हा पोरखेळ आहे.

६ ऑक्टोबर
जुनं काम कुणी केलंय देव जाणे. एक म्हणजे परत फिरा, दिवा तांबडा. तीन म्हणजे निर्धास्त, दिवा हिरवा. सगळीच उलटी गंगा! मी सरळ केलं: एक निर्धास्त, तीन परत फिरा. नव्या पेट्यांना हे समजतं. जुनी पेटी आता एकाच होडीवर उरलीय, आमच्या खालिदभाईंच्या. दोन वर्षांपूर्वी वादळातून तिनेच त्यांना परत आणलं, म्हणून ते तिला जपतात. सेक्रेटरी निलेश परब म्हणाले, त्यांची नवी पेटी आठ दिवसांत येतेय, तोवर तिला जुनेच आकडे जाऊ देत. एका पेटीसाठी एवढं लोढणं कोण ओढणार? मी तोंडावर हो म्हटलं आणि जुने आकडे पाठवणारा भाग काढून टाकला.

९ ऑक्टोबर
खालिदभाई आज नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी, एकटेच निघाले. आभाळ वाईट होतं. भाभींनी अडवलं तर हसले. "दिवो हिरवो आसा गो, भेव कसलो?"
मी जिन्यात उभी होते. सर्व्हर तीन पाठवत होता. मला लगेच कळलं. एक हाक मारली असती तर थांबले असते, पण मग निलेशरावांनाही सगळं कळलं असतं. वाटलं, वारा पडेल. दुपारी जुना भाग परत बसवायला घेतला, तर निलेशराव शेजारीच येऊन बसले. मी स्क्रीन बंद केली.

१० ऑक्टोबर
होडीची एक फळी सापडली. बाकी काही नाही. भाभी दर तासाला वर येऊन विचारतात, पेटी काय म्हणते. निलेशरावांनी विचारलं, जुने आकडे चालू होते ना. हो म्हटलं. सर्व्हरवरच्या नोंदी पुसल्या.
मला झोप लागली, याचीच लाज वाटते.

१२ ऑक्टोबर
पेटी विचारतेय. होडी बुडाली त्याच जागेवरून, दर दहा मिनिटांनी. पाण्याखालून हे शक्य नाही —
आज समुद्र शांत. सर्व्हर तिला एक पाठवतोय.
तिच्या लेखी एक म्हणजे परत फिरा.

१३ ऑक्टोबर, सकाळ
जागा बदलली. बंदराकडे. भाभींनी स्क्रीनवर पाहिलं; त्यांना वाटतं, मीच त्यांना परत आणतेय.
यादीतून तिचं नाव काढलं. तरी विचारतेय. तरी उत्तर जातंय — एक. हाताने तीन पाठवला. जा, लांब जा. पुन्हा एकच गेला —

दुपार
धक्क्यावर. मग बाजारात. आता आमची गल्ली.
भाभी खाली हसतायत, रडतायत. "ह्ये इले गो! इले!" त्यांनी दाराची कडी काढली —
ते तिथे थांबले नाहीत. जिन्यावर पाणी. तांबडा उजेड दाराखालून —
भाभी त्यांना सांगतायत, पोरगी वरच आसा, तिनेच तुमका परत