बॉबिनचा खाऊ

४ मार्च

चि. गुंड्यास, आईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला माणूस काल पिल्लू ठेवून गेला. मी सुट्टीला तुला बोलावलं होतं, आला कुत्रा. असो. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून घरात मशीन सोडून कुणी आवाज करत नव्हतं, ती उणीव यानं पहिल्याच दिवशी भरून काढली. माझी मापाची टेप चावली, चपलेवर मुतला आणि मशीनच्या पायडलवर ताणून दिली. तुझं गुंड्या नाव शर्टाच्या गुंडीवरून, म्हणून याचं मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळावरून बॉबिन ठेवलंय.

उभ्या जन्मात मी कुत्रं पाळलेलं नाही. काय घालायचं, कधी फिरवायचं, सगळं सविस्तर कळव. जमलं तर तूच येऊन दाखव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
आई

१२ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

बॉबिन हे नाव ऑफिसात सगळ्यांना फार आवडलं. आता नीट वाच. आपल्या ताटातलं उरलंसुरलं त्याला घालायचं नाही. पिल्लाला थोडं थोडं, ठरल्या वेळी द्यायचं. पाण्याचं भांडं कायम भरलेलं हवं. लशी चुकवायच्या नाहीत. त्या पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नकोस. घरात घाण केली तर मारू नकोस. खाणं झालं की लगेच बाहेर ने, आणि बाहेर केली की शाबासकी म्हणून काहीतरी दे. मुख्य म्हणजे त्याला फार वेळ एकटं ठेवू नकोस. कुत्री माणसांवाचून झुरतात गं, खाणंपिणं सोडतात.

सुट्टीत यायचं याही खेपेला जमत नाहीये. पण आता तुला सोबत आहे, त्यामुळे मी निर्धास्त आहे. पार्सल पाठवतोय, त्यात सगळं आहे.

लोभ असावा.
तुझा गुंड्या

२५ मार्च

चि. गुंड्यास, आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. पार्सल परवा मिळालं. पट्टा, वाडगा, ब्रश, चावायचं रबरी हाड आणि तळाशी चॉकलेटचा डबा. सगळं बॉबिनचंच, म्हणजे हा त्याचा खाऊ, असं मी धरलं. तू लिहिलंस तसं थोडं थोडं, बाहेरून आला की शाबासकी म्हणून देत राहिले. काल तो ओकायला लागला. अंग थरथरत होतं, छाती नुसती धडधडत होती. उचलून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. कुत्र्याला चॉकलेट म्हणजे विष, असं ते म्हणाले. कुणी आणलं विचारलं, तर मीच म्हणून सांगितलं. तुझं नाव घेववेना.

त्याला सलाइन लावलंय. मी तिथेच बाकावर बसून हे लिहिते आहे. तुला इतकं सगळं माहीत, मग हे कसं पाठवलंस रे?

उलट टपाली कळव.
आई

२ एप्रिल

ती. आईस, सा. न.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. अगं, चॉकलेटं तुझ्यासाठी होती! चांगली भारीतली, खास शोधून आणलेली. कुत्र्याला कुणी चॉकलेट देतं का? शेंबड्या पोरालाही कळतं ते. मी इतकं सविस्तर लिहूनही तू घोळ घालून ठेवलास. निदान एकदा विचारायचंस तरी. एवढंही झेपत नसेल तर सांग, त्याची दुसरीकडे सोय बघतो.

बाकी इकडे ठीक. तब्येतीला जप.
तुझा गुंड्या

११ एप्रिल

चि. गुंड्यास,

सोय बघायची गरज नाही. तुला ते पत्र टाकलं त्याच रात्री बॉबिन गेला; तुझं उत्तर आलं की कळवू, म्हणून थांबले होते. शेवटपर्यंत माझं बोट चाटत होता. नवख्या माणसाकडून होतं असं, म्हणून डॉक्टर बिचारे माझीच समजूत घालत होते.

विचारायचं होतंस म्हणतोस. पण शंका आली तर माणूस विचारतं ना? मला शुगर आहे, रोज सकाळी पोटात इन्सुलिन टोचून घेते. दवाखान्यात पहिल्यांदा टोचायला शिकवलं तेव्हा शेजारी तूच उभा होतास, आणि माझ्याऐवजी तूच रडलास. म्हणून डबा उघडला तेव्हा वाटलं, गुंड्या मला गोड पाठवणार नाही, म्हणजे हे कुत्र्याचंच असणार. तू विसरला असशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घोळ घातला तो एवढाच. फार लागलं रे मला. बॉबिनचं वेगळं आणि हे वेगळं.

पट्टा आणि वाडगा परत पाठवते आहे. दुसरं पिल्लू पाठवू नकोस.

आशीर्वाद आहेत. ती शिवण उसवता येत नाही, नाहीतर उसवली असती.
आई